चंदीतलं तेल: लांब पल्ल्याच्या घोड्याला स्निग्ध खुराक किती, कधी, कशासाठी

फेब्रुवारीतली गोष्ट. खटाव तालुक्यातल्या एका वस्तीवरून सकाळी सहालाच फोन आला. "डॉक्टर, घोडीची लीद शेणावानी पडतीया. जरा येऊन जावा."

घोड्याची लीद कशी असते हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. मुठीत मावतील एवढ्या गोळ्या पडतात, जमिनीवर आपटल्या की फुटतात आणि आत वैरणीच्या बारीक काड्या दिसतात. इथं मात्र चक्क पो पडला होता. रंग करडा, वर तेलकट चकाकी, वास आंबूस. घोडी तशी ठीक होती. ताप नव्हता, कुशीकडे वळून बघणं नव्हतं, पाय झाडणं नव्हतं. बाजूला जर्मनचं पातेलं होतं आणि त्याच्या कडांना थिजलेलं तूप.

उलगडा झाला तो असा. घोडी काठेवाडी, साडेतीनशे किलोच्या आसपास. मालक इंजिनिअरिंगला असलेला पोरगा. त्यानं ६० किलोमीटरच्या घोडदौडीत तिचं नाव दिलेलं, दौड तीन आठवड्यांवर. लांब पल्ल्याच्या घोड्याला फॅट देतात असं त्यानं कुठंतरी वाचलं आणि जेवताना घरात बोलला. ते त्याच्या आबांनी मनावर घेतलं. आबा तरुणपणी दहा वर्षं तालमीत राहिलेले. पहिल्याच दिवसापासून अर्धा लिटर तूप चंदीत, म्हणजे घोड्याच्या दाण्याच्या खुराकात, आणि जोडीला गूळ. चौथ्या दिवशी मला फोन.

"पैलवानाला तूप पचतंय, मग घोडीला का न्हाई?" आबांनी विचारलं.

प्रश्न वेडगळ नाही. घोड्याला स्निग्ध पदार्थ पचतात, आणि लांब धावणाऱ्या घोड्याला ते द्यावेत असं आज जगभरातले पशुवैद्यही सांगतात. आबांचं चुकलं ते प्रमाण आणि घाई. आणखी एक समज चुकला होता, आणि तो आबांचा एकट्याचा नाही: तेल-तूप म्हणजे ताकदीचं औषध, आज दिलं की उद्या अंगात येतं.

आधी ही दौड म्हणजे काय ते बघू. रेसकोर्सवरची शर्यत वेगळी. इंडियन डर्बी २४०० मीटरची, अडीच मिनिटांत निकाल. लांब पल्ल्याच्या दौडीत ४०, ६०, ८० किलोमीटर जायचं असतं, आंतरराष्ट्रीय पातळीवर तर एका दिवसात १६० किलोमीटरपर्यंत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातली १०० मैलांची टेव्हिस कप ही दौड १९५५ पासून चालत आलीय. मध्ये टप्पे असतात, तिथं पशुवैद्य घोडा तपासतात, आणि ठरलेल्या मिनिटांत हृदयाचे ठोके ६४ वर किंवा त्याखाली आले नाहीत तर घोडा तिथंच बाद. मग तो पहिला आलेला का असेना. म्हणजे इथं नुसतं पळून भागत नाही. पळून आल्यावर लवकर थंड व्हावं लागतं, लवकर शांत व्हावं लागतं आणि समोर ठेवलेलं खावं लागतं.

एवढा वेळ चालायला इंधन कुठून येतं? आबांना मी गुऱ्हाळाचं उदाहरण दिलं, कारण त्यांनी कराडकडं एक हंगाम जळव्याचं, म्हणजे चुलवाणात जळण टाकायचं, काम केलेलं. चुलवाणात वाळलेलं चिपाड टाकलं की भडका उठतो, काहील लगेच उकळते, पण चिपाड बघता बघता संपतं. जळव्याला हात थांबवता येत नाही. बाभळीचा ओंडका टाकला तर तो सावकाश पेटतो, भडका देत नाही, पण तासन् तास धगधगत राहतो. घोड्याच्या अंगात दोन्ही असतात. ग्लायकोजन हे चिपाड. दाण्यातल्या पिठूळ भागापासून, म्हणजे स्टार्चपासून, साखर होते आणि ती स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजन म्हणून साठते. मोठ्या घोड्याच्या अंगात त्याचा साठा सगळा मिळून तीन-चार किलोच. चरबी हा ओंडका. तिचा साठा बेताच्या अंगाच्या घोड्यातही दहा-वीस किलो तरी असतो, आणि एका ग्रॅमला ती जवळपास ९ किलोकॅलरी देते. स्टार्च देतं ४.

दुडक्या चालीनं, दम न लागता घोडा चाललेला असेल तर त्याचे स्नायू बरीचशी चरबीच जाळतात. भरधाव सोडला, किंवा वर्धनगडाचा घाट चढायला लावला, की चिपाड पेटतं. चरबी जाळायला ऑक्सिजन भरपूर लागतो आणि चढावर तेवढा स्नायूंपर्यंत पोचत नाही. ग्लायकोजन एकदा संपलं की घोडा बसतो. पोटात कितीही तेल असू दे, उपयोग नाही, कारण चरबीपासून ग्लायकोजन जवळजवळ बनतच नाही. रिकामा झालेला साठा पुन्हा भरायलाही घोड्याला दोन-तीन दिवस लागतात, माणसापेक्षा कितीतरी जास्त.

मग युक्ती कोणती? सपाटीवर जास्तीत जास्त ओंडका जाळायचा आणि चिपाड चढासाठी राखायचं. तेल खाऊ घालण्यामागचा विचार एवढाच. पण स्नायू हे आपोआप करत नाहीत. चरबी रक्तातून उचलायला, पेशीत न्यायला आणि तिथं जाळायला वेगवेगळी विकरं, म्हणजे एन्झाइम, लागतात. रोज थोडी चरबी खाऊ घातली आणि रोज रपेट केली, तर ही विकरं हळूहळू वाढतात. आतड्याला तेलाची सवय व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात, स्नायूंना मात्र दोन-तीन महिने लागू शकतात. नुसतं तेल दिलं आणि घोडा दावणीला बांधून ठेवला तर त्याला फक्त पोट सुटेल.

आबांना मी म्हटलं, ही तालीम आहे आबा, तीन आठवड्यांत कुस्ती मारता येत नाही. ते त्यांना पटलं. आधीचं सगळं ऐकून घेतलं होतं, पण पटलं ते इथं.

या विषयावर बरंच काम केलेले एक संशोधक म्हणजे डेव्हिड क्रॉनफेल्ड. गंमत म्हणजे त्यांनी आधी बर्फावर गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांच्या खुराकाचा अभ्यास केला होता. ती कुत्रीही तासन् तास एका लयीत पळतात आणि भरपूर चरबी खातात. पुढे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात त्यांनी अरबी घोड्यांवर काम केलं. तेल खाल्लेला घोडा जिंकतोच असं मात्र कुणी समजू नये. प्रयोगांचे निकाल सगळे एका बाजूचे नाहीत. माझं स्वतःचं मत असं की तेलाचा मोठा फायदा वेगात नाही, चंदी कमी करता येते यात आहे.

तो मुद्दा जरा सावकाश बघायला हवा, कारण आपल्याकडं घोडे बिघडतात ते इथंच.

जास्त काम म्हणजे जास्त दाणा, हा सरळ हिशोब. घोड्याचं लहान आतडं एका वेळी ठरावीकच स्टार्च पचवू शकतं. सुरक्षित राहायचं तर एका वेळच्या चंदीत वजनाच्या दर किलोमागे साधारण १ ग्रॅम स्टार्च, त्याच्या वर जायचं नाही. साडेतीनशे किलोच्या घोडीला ३५० ग्रॅम. मक्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतं, म्हणजे एका वेळी अर्धा किलो मका झाला की मर्यादा गाठली. त्यावर दिलेलं न पचता मागं मोठ्या आतड्यात जातं. तिथं वैरण आंबवून पचवणारे जंतू राहतात. स्टार्च मिळालं की दुसरेच जंतू माजतात, लॅक्टिक आम्ल होतं, चांगले जंतू मरतात, आणि मग पोटशूळ, किंवा खुराच्या आतल्या भागाला सूज येऊन घोडा पायच टेकत नाही. याशिवाय सुट्टीच्या दिवशीही पूर्ण चंदी खाल्लेला घोडा दुसऱ्या दिवशी कामाला काढला की मागचे पुठ्ठे आखडून जागीच उभा राहतो आणि लघवी काळपट होते. विलायतेत ओझी ओढणाऱ्या घोड्यांना रविवारी सुट्टी असायची, म्हणून तिकडं या दुखण्याला सोमवारचं दुखणंच म्हणायचे.

तेलात स्टार्च नाही, साखर नाही. ते लहान आतड्यातच शोषलं जातं आणि त्याच्या जागी तेवढी चंदी कमी करता येते. दुसरा फायदा उन्हाचा. वैरण मोठ्या आतड्यात आंबताना उष्णता तयार होते, प्रथिनं पचतानाही होते. तेल पचताना त्या मानानं कमी होते. एप्रिलमध्ये माण-खटावच्या माळावर, जिथं घोडा तासाला दहा-पंधरा लिटर घाम गाळू शकतो, तिथं आतली थोडी कमी झालेली उष्णताही कामाची.

आता आबांचा दुसरा प्रश्न. पुसेगावच्या यात्रेत बघितलेले शर्यतीचे बैल तेल पितात, मग घोडीला का सोसलं नाही? बैल रवंथ करणारा. त्याच्या पोटात गेलेलं तेल आधी जंतूंच्या हौदात पडतं आणि जास्त झालं तर ते जंतू चारा पचवणं सोडतात. म्हणजे खरं तर बैलालाच तेल जपून द्यायला हवं. घोड्याचा जंतूंचा हौद मागं आहे, लहान आतड्याच्या पलीकडं. तेल आधीच शोषलं गेलं तर हौदापर्यंत पोचत नाही. पण घोड्याला पित्ताशय नसतं. दिवसाचे चौदा-सोळा तास थोडं थोडं चरणारा हा प्राणी. त्याचं पित्त साठून राहत नाही, सतत ठिबकत राहतं. गवतात स्निग्धांश असतो दोन-चार टक्के. एवढ्यावर वाढलेल्या आतड्यात अचानक अर्धा लिटर तूप ओतलं की ते पचवायची तयारी नसते. तूप मागच्या हौदात उतरतं, जंतू बिथरतात आणि लिदीचा पो होतो. हळूहळू वाढवलं तर हेच आतडं भरपूर तेल पचवायला शिकतं.

कोणतं तेल? तूप विष नाही, पण ते तेलापेक्षा जास्त ऊर्जा देत नाही आणि प्राणिज चरबीचा वास बहुतेक घोड्यांना आवडत नाही. या घोडीनं खाल्लं ते बहुधा गुळामुळं. सोयाबीनचं, मक्याचं, सूर्यफुलाचं, शेंगदाण्याचं, कोणतंही ताजं खाद्यतेल चालतं. जवसाचं तेल मला जास्त आवडतं कारण त्यात ओमेगा-३ भरपूर असतं, बाकीच्या बहुतेकांत ओमेगा-६ चा भरणा. रोज जवस परवडत नसेल तर सोयाबीन आणि थोडं जवस मिसळा. वडापावच्या गाड्यावरचं तळून उरलेलं तेल स्वस्तात मिळतं म्हणून घोड्याला देणारे मी पाहिलेत. असलं तेल नको. एकदा वास घेऊन बघा, जे आपल्या आमटीला चालणार नाही ते चंदीलाही नको.

भाताच्या कोंड्यातही पंधरा-वीस टक्के तेल असतं, घोडे तो आवडीनं खातात, आणि गिरणीत सहज मिळतो. दोन अडचणी. कांडल्याबरोबर त्यातलं एक विकर तेलाला लागतं आणि कोंडा काही दिवसांत खवट होतो. उष्णता देऊन टिकाऊ केलेला असेल तरच साठवावा. दुसरं, त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी. घोड्याला उलटं हवं. जोडीला लसूणघास असेल तर कॅल्शियमची बाजू सावरते. शेंगदाणा पेंडीबद्दल मात्र मी कडक आहे. ओल लागलेल्या पेंडीत बुरशी येते, त्या बुरशीचं विष यकृतावर जातं, आणि घोडा अशा बाबतीत म्हशीइतका सोशिक नाही. सरकी पेंडही गोठ्यातच राहू द्यावी. सोयाबीन द्यायचं तर भाजून किंवा शिजवून, कच्चं नाही. आणि हुलगा, ज्याला इंग्रजीत घोड्याचंच नाव आहे, त्यात स्निग्धांश जवळजवळ नाहीच. प्रथिनांसाठी चांगला, पण या कामाचा नाही. हरभऱ्यात पाच टक्के असतो.

आता हिशोब. या घोडीला नुसती बांधून ठेवली तर दिवसाला साधारण १२ हजार किलोकॅलरी लागतात. तयारीच्या दिवसांत १८ हजारांपर्यंत. १५० मिली तेल म्हणजे साधारण १४० ग्रॅम, त्यातून मिळाल्या साडेबाराशे. सगळ्या गरजेच्या पंधराव्या भागाच्या आसपास. तेवढ्यासाठी चारशे ग्रॅम जव खावे लागले असते. म्हणजे तेलानं घोडा चालत नाही, तो चालतो वैरणीवरच. दिवसाला ६ किलो चांगलं वाळलेलं गवत, २ किलो चंदी तीन वेळा विभागून, त्यातल्या दोन वेळांत तेल. वैरण वजनाच्या दीड टक्क्याखाली कधीच न्यायची नाही. मोठ्या आतड्यातली वैरण पाणी आणि क्षार धरून ठेवते. घामानं अंग सुकायला लागलं की घोडा तिथूनच पाणी घेतो. तेल परवडतंय म्हणून गवत तोडणारा माणूस पाण्याची टाकी फोडून इंधन भरतोय.

सुरुवात दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिलीपासून. तीन-चार दिवसांनी आणखी ३०. लीद सैल पडली, करडी दिसली, की एक पायरी मागं. वरची मर्यादा वजनाच्या दर किलोला दिवसाला १ मिली. या घोडीला ३५० मिली होतील, पण मी तिथपर्यंत सहसा जात नाही. वाढवत गेल्यावर घोडा तोबऱ्यात तोंड घालून बाहेर काढतो, वरचा ओठ उचलतो, चंदी उरवतो. जबरदस्ती करू नका. चंदीवर थोडं पाणी शिंपडून तेल चोळून लावलं तर कोरड्या दाण्यावर ओतण्यापेक्षा बरं खातात.

तेलाबरोबर ई जीवनसत्त्व वाढवावं लागतं, हे बरेच जण विसरतात. तेलातली चरबी शरीरात लवकर खराब होते, तिला राखणारं हे जीवनसत्त्व. साधारण दर १०० मिली तेलामागं १०० ते १५० एककं जास्तीची. हिरव्या चाऱ्यात ते असतं, उन्हात वाळलेल्या कडब्यात फारसं उरत नाही. तेलात ना प्रथिनं, ना क्षार, ना बाकी जीवनसत्त्वं. म्हणून चंदी पूर्ण काढून नुसतं तेल दिलं तर घोडा आतून रिकामा होतो.

आणि घोडा हडकुळा आहे म्हणून कुणी तेल विचारलं तर मी आधी तोंडात हात घालून दात बघतो, मग जंताचं औषध कधी दिलं ते विचारतो. पाचगणीच्या टेबललँडवर फेऱ्या मारणाऱ्या घोड्यांना बहुतेक वेळा तेल नव्हे, पोटभर वैरण आणि सावली हवी असते. अंगानं जाड घोड्याला आणि यकृताचं दुखणं असलेल्याला तेल नकोच. गाढव आणि बुटकी तट्टं उपाशी राहिली किंवा आजारी पडली तर त्यांच्या रक्तात चरबी साचून जीवावर बेततं. त्यांचं गणित वेगळं, तिथं हा लेख लावू नका.

दौडीच्या दिवशी काय? तेल त्या दिवशी कामाला येत नाही. ते दोन-तीन महिने आधीचं काम. दाण्याची मोठी चंदी सुटायच्या चार तासांच्या आत नको, कारण रक्तात साखर चढली की इन्सुलिन वाढतं आणि ते चरबी जाळायचं दार लावून घेतं. आपण दोन महिने शिकवलेलं एका तोबऱ्यानं पुसलं जातं. गवत मात्र सकाळपर्यंत समोर असू द्या. एकदा दौड सुरू झाली की टप्प्यावर भिजवलेली थोडी चंदी, ओलं गवत, पाणी आणि मीठ चालतं. पळणाऱ्या घोड्यात इन्सुलिन तसं उसळत नाही.

त्या पोराला मी सांगितलं, या दौडीपुरतं तेल विसर. तीन आठवड्यांत स्नायू शिकत नाहीत, नुसतं पोट बिघडेल. तूप बंद केलं, दोन दिवस चंदी निम्मी केली, गवत पोटभर दिलं. तिसऱ्या दिवशी लीद गोळीदार झाली. दौडीला त्यानं घोडी दुडक्या चालीनंच नेली, चढावर स्वतः उतरून लगाम धरून चालला. शेवटच्या तपासणीत ठोके उतरायला बारा मिनिटं लागली. घोडी पास झाली, नंबर मधला आला. आबा नाराज होते.

दुसऱ्या दिवसापासून तेल सुरू झालं. पोरानं एका प्लॅस्टिकच्या बाटलीवर मार्करनं ३०, ६०, ९० अशा रेघा मारल्यात आणि गव्हाणीवरच्या भिंतीवर कोळशानं तारखा लिहिल्यात, कारण तेल आता आबाच घालतात आणि आबांचा हात अजूनही सढळ आहे. दर चार दिवसांनी मला फोनवर लिदीचा फोटो येतो. खाली मजकूर नसतो. मी 'ठीक' एवढंच लिहितो, आणि रेघ एक घर वर सरकते.